आयसीयूतल्या पेशंटचे डोळे कसे सांभाळायचे

आयसीयूत पेशंटच्या डोळ्यावर टॉर्च पडतो तो बाहुली बघण्यासाठी. बाहुली किती मोठी आहे, उजेडाला आकसते का, दोन्ही सारख्या आहेत का, एवढं चार्टवर लिहिलं की टॉर्च खिशात. त्याच उजेडात पापण्यांमधली दोन मिलिमीटरची फट दिसत असते, बुबुळावरची चकाकी गेलेली दिसत असते. पण ते बघ असं कुणी सांगितलेलं नसतं. मग आठ-दहा दिवसांनी पेशंट व्हेंटिलेटरवरून निघतो, शुद्धीवर येतो आणि म्हणतो, "या डोळ्यानं धूसर दिसायलंय." तोवर बुबुळावर फूल पडलेलं असतं.

मराठवाड्यातल्या लहान-मोठ्या आयसीयूंमधून मला डोळ्यांसाठी कॉल येतात. बहुतेक कॉल डोळा लाल झाल्यावर येतात, आणि त्यातले बरेचसे आलेच नसते तर बरं झालं असतं, कारण इजा टाळण्यासारखी होती. त्यासाठी नेत्रतज्ज्ञ लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. दर चार तासांनी एकदा पापणी नीट मिटली आहे का, हे बघणारा माणूस लागतो. हा लेख मुख्यतः आयसीयूतल्या सिस्टर, ब्रदर आणि नाइट ड्यूटीच्या आरएमओंसाठी (निवासी डॉक्टरांसाठी) आहे. नातेवाइकांसाठीही पुढे लिहिलं आहे, कारण अर्धं काम त्यांच्याशी बोलण्याचंच असतं.

डोळा बिघडतो कसा

जागेपणी आपली पापणी मिनिटाला साधारण १५ वेळा लवते आणि दर वेळी अश्रूंचा पातळ थर कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, नव्यानं पसरतो. हा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. लागणारा ऑक्सिजन तो अश्रूंच्या थरातून, बाहेरच्या हवेतूनच घेतो. झोपेत पापणी मिटते, शिवाय बहुतेकांचा डोळा वर फिरतो, म्हणून कुणी अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपलं तरी त्याचं बुबुळ झाकलेलं राहतं.

गुंगीचं औषध आणि स्नायू ढिले करणारं इंजेक्शन चालू झालं की हे सगळं एकदम थांबतं. पापणी घट्ट मिटवणारा स्नायू सैल पडतो, पापणी लवत नाही, डोळा वर फिरत नाही, अश्रूही कमी होतात. केटामाइन दिलेल्या पेशंटचे तर डोळे सताड उघडेच राहतात. कॉर्नियाचा खालचा भाग उघड्यावर पडतो, सुकतो, वरचा पातळ थर सोलवटतो. इथपर्यंत फारसं बिघडलेलं नसतं. मलम लावून डोळा झाकला तर दोन-तीन दिवसांत तो थर परत येतो. पण सोलवटलेल्या जागी जंतू बसले की खेळ बदलतो. घरच्या माणसाच्या डोळ्यात कचरा गेला तर तिथले जंतू बहुधा साधे असतात; आयसीयूत मात्र स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला अशी मंडळी छातीतल्या कफात वस्तीला असतात. स्यूडोमोनास तर एक-दोन दिवसांत कॉर्निया विरघळवून आरपार भोक पाडू शकतो.

देशोदेशींच्या अभ्यासांमध्ये आयसीयूतल्या साधारण २० ते ४२ टक्के पेशंटच्या कॉर्नियावर उघडं राहिल्यामुळे झालेली इजा आढळली आहे. ती बहुतांशी पहिल्या आठवड्यातच होते. म्हणून "चार दिवस बघू, मग डोळ्यांचं बघू" हा हिशेब इथं चालत नाही.

दाखल करतानाच विचारायच्या गोष्टी

पेशंट आला की गडबड असते, मान्य. पण नातेवाईक बाहेर कागदपत्रं भरत बसलेले असतात, तेव्हा एक मिनिट काढून चार प्रश्न विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स घालतो का? तालुक्याच्या गावातली कॉलेजची पोरंपोरी आता सर्रास घालतात, आणि अपघातात आलेल्या बेशुद्ध मुलीच्या डोळ्यात लेन्स तशीच राहू शकते. एखादा डोळा काचेचा आहे का? हे कळलं नाही तर त्या डोळ्याची "बाहुली हलत नाही" म्हणून मेंदूचा सीटी स्कॅन व्हायचा. मोतीबिंदूचं किंवा दुसरं कुठलं ऑपरेशन झालंय का, कधी? आणि चौथा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो: काचबिंदूचे थेंब चालू आहेत का? बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी नातेवाईक आठवणीनं आणतात, थेंबाची बाटली घरी फडताळात राहते. ते थेंब महिनाभर बंद पडले तर मूळ आजारातून पेशंट वाचला तरी नजर कमी होऊन घरी जाऊ शकतो. थेंब मागवून घ्या आणि ट्रीटमेंट चार्टवर चढवा.

टॉर्चनं काय बघायचं

डोकं स्थिर धरा, गुंगीतला पेशंट जसा पडला आहे तसाच राहू द्या. पापणीला हात न लावता, बाजूनं आणि खालून, डोळ्याच्या पातळीवर वाकून बघा. वरून बघितलं की पापण्यांचे केस फट झाकतात आणि डोळा मिटल्यासारखा वाटतो. बहुतेक चुका इथंच होतात.

ब्रिटनमध्ये नेत्रतज्ज्ञांच्या आणि अतिदक्षता डॉक्टरांच्या संस्थांनी मिळून याची एक सुटसुटीत प्रतवारी सुचवली आहे आणि ती आपल्याकडेही जशीच्या तशी चालते. पापण्या पूर्ण मिटलेल्या: शून्य. फटीतून फक्त पांढरा भाग दिसतो: एक. फटीतून बुबुळ दिसतं, केसाएवढं का असेना: दोन. शून्याला काही करायचं नाही, फक्त बघत राहायचं. एकला मलम. दोनला मलम आणि पापणी टेपनं बंद. चार्टवर बाहुलीच्या रकान्याशेजारी "डोळे" म्हणून एक रकाना आखा आणि उजवा-डावा असे दोन आकडे दर चार तासांनी लिहा. छापील चार्ट बदलायला मॅनेजमेंटची परवानगी लागते असं कुणी म्हटलं तर पेनानं रेघ मारा.

मग पापणी हलक्या बोटानं वर करा आणि टॉर्चचा उजेड कॉर्नियावर पाडा. निरोगी कॉर्नियावर टॉर्चचा ठिपका लहान, लख्ख, धारदार कडेचा दिसतो. कॉर्निया सुकला असेल तर तोच ठिपका फुटतो, पसरट आणि मळकट होतो. हा ठिपका ओळखायला शिकायचं असेल तर आधी शेजारच्या सिस्टरच्या डोळ्यात बघा, मग पेशंटच्या. फरक एकदा बघितला की विसरत नाही.

पुढची तपासणी फ्लुरोसिन या रंगाच्या पट्टीची. स्टरलाइझ केलेली कागदी पट्टी, सलाइनच्या एका थेंबानं ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवायची आणि निळ्या उजेडात बघायचं. डोळे तपासायच्या ऑफ्थॅल्मोस्कोपला बहुधा निळा फिल्टर असतो. सोलवटलेला भाग हिरवागार चमकतो, आणि उघडं राहिल्यानं झालेली इजा असेल तर ती बहुधा कॉर्नियाच्या खालच्या एक तृतीयांश भागात आडव्या पट्ट्यासारखी दिसते. पट्टी स्वस्त आहे. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटला आठवड्यातून एकदा तरी ही तपासणी व्हावी, आणि ठिपका मळकट वाटला तर त्याच दिवशी.

सफाई

हात धुवून, ग्लोव्हज घालून. सलाइनमध्ये भिजवलेला स्टरलाइझ गॉझचा तुकडा घ्या, कोरडा कापूस नको. त्याचे धागे डोळ्यात राहतात आणि घासतात. नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं, तो तुकडा टाकून द्यायचा, पुन्हा पुसायचं तर नवा घ्यायचा. आधी जो डोळा स्वच्छ आहे तो, मग चिपडं आलेला. चिपडं वाळून पापण्या चिकटल्या असतील तर ओढू नका, ओला गॉझ मिनिटभर ठेवा, आपोआप सुटतात. साबण, डेटॉल, बीटाडीन स्क्रब डोळ्याच्या आसपास नको. सकाळी अंग पुसताना मावशी ज्या कपड्यानं तोंड पुसतात त्याच कपड्यानं डोळे पुसतात, तेवढं मात्र डोळ्यात तेल घालून बघा.

मलम कोणतं आणि कसं

औषधाच्या दुकानात "डोळ्यात घालायला काहीतरी द्या" म्हटलं की बहुधा अँटिबायोटिकचं मलम किंवा स्टिरॉइड मिसळलेले थेंब हातात पडतात. दोन्ही नकोत. जंतुसंसर्ग नसताना अँटिबायोटिकचं मलम वंगण म्हणून वापरणं आपल्याकडे सवयीचं झालं आहे. त्यानं औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे पोसले जातात. स्टिरॉइडचे थेंब तर त्याहून वाईट. सोलवटलेल्या कॉर्नियात जंतू शिरलेले असताना स्टिरॉइड घातलं तर लाली कमी दिसते आणि आत डोळा सडत जातो.

हवं असतं साधं वंगण. लिक्विड पॅराफिन आणि व्हाइट सॉफ्ट पॅराफिनचं डोळ्याचं मलम सगळ्यात जास्त वेळ टिकतं. कार्बोमरचं किंवा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचं जेलही चालतं. नुसते पातळ थेंब मात्र मिनिटांत वाहून जातात. ते दर तासाला घालायला कुणाला वेळ असतो? शिवाय बाटलीतलं प्रिझर्वेटिव्ह वारंवार गेलं की त्यानंच कॉर्नियाला त्रास होतो.

लावायची पद्धत: खालची पापणी बोटानं हलकी खाली ओढा, आत जी खाच तयार होते तिच्यात सुमारे एक सेंटिमीटर मलमाची रेघ, ट्यूबचं टोक डोळ्याला किंवा पापणीच्या केसांना न लावता. मग वरची पापणी हातानं मिटवा म्हणजे मलम पसरेल. दर चार तासांनी. आधीचं मलम साचून पापण्यांवर पिवळट थर झाला असेल तर आधी पुसा. थरावर थर चढवण्यात अर्थ नाही.

एका पेशंटला एकच ट्यूब, त्यावर बेड नंबर नव्हे, पेशंटचं नाव आणि उघडल्याची तारीख. बेड बदलतात, ट्यूब तिथंच राहते आणि पुढच्या पेशंटला तीच लागते, हे मी किती तरी ठिकाणी बघितलं आहे. उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकून द्या. एक डोळा चिघळलेला असेल तर दोन डोळ्यांना दोन ट्यूब.

मलमानं बाहुलीच्या तपासणीत अडथळा येत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब मात्र डोळ्याच्या डॉक्टरनंही न सांगता घालू नयेत. घातले तर कोणत्या डोळ्यात, किती वाजता, हे ठळक अक्षरात लिहून ठेवायचं; नाहीतर रात्रीचा आरएमओ मोठी बाहुली बघून मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून धावाधाव करतो.

टेप

प्रतवारी दोन असेल तर मलम घातल्यावर पापणी टेपनं बंद करायची. मलमाचा चिकटपणा पापणीच्या कातडीवर असेल तर टेप अजिबात बसत नाही, म्हणून कातडी कोरड्या गॉझनं टिपून घ्या. साधा मायक्रोपोर (कागदी टेप) घ्या. जुना पांढरा चिकटपट्टीचा प्लास्टर नको. म्हाताऱ्या माणसाच्या पापणीची कातडी त्यासोबत सोलून येते.

आधी बोटानं पापणी पूर्ण मिटवा. केस आत वळलेले नाहीत ना ते बघा, कारण आत अडकलेला केस कॉर्नियाला दिवसभर टोचत राहतो. मग एक आडवी पट्टी, पापण्या जिथं एकमेकींना मिळतात तिथं, केसांच्या मुळाशी. वरून खाली उभी चिकटवली तर पापणी मधूनच उघडते आणि टेपची खालची बाजू कॉर्नियाला लागते. टेप लावल्यावर खालून पुन्हा बघा. दर चार तासांच्या सफाईला टेप काढायचा, काढताना सलाइननं ओला करून.

गॉझची घडी डोळ्यावर ठेवून वरून पट्टी मारणं ही जुनी सवय आहे. बंद न झालेल्या डोळ्यावर गॉझ ठेवला तर पापणी आत उघडतेच आणि गॉझ कॉर्नियाला घासतो. झाकलेलं असल्यानं कुणी बघतही नाही.

टेपपेक्षा मला प्लास्टिकच्या पारदर्शक आवरणाचा उपाय जास्त आवडतो. पातळ पॉलिथिनचा स्वच्छ तुकडा, भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत पुरेल एवढा, चारी कडांना मायक्रोपोर. आत ओलावा कोंडला जातो आणि कॉर्निया सुकत नाही. मलमाइतका किंवा त्याहून चांगला उपयोग होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पारदर्शक असल्यानं आवरण न काढता बाहुली दिसते, हा आणखी फायदा. तासाभरात आतल्या बाजूला बारीक वाफ धरली तर आवरण नीट बसलं. धरली नाही तर कुठून तरी हवा जाते, ती फट शोधा. रोज बदला, कफ-उलटी उडाली तर लगेच.

हवा, कफ आणि सूज

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. एसी बंद पडला किंवा जनरेटरवर चालवायचा नाही म्हणून बेडशेजारी स्टँडचा पंखा लावला जातो, तो नेमका तोंडावर. पंख्याची दिशा पायाकडून ठेवा, एसीची पाती वळवा. बायपॅपच्या (मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या यंत्राच्या) मास्कची वरची कड सैल असली तर कोरड्या हवेचा झोत नाकाच्या दोन्ही बाजूंनी सरळ डोळ्यात जातो. पेशंट शुद्धीवर असून डोळे चोळत असेल तर आधी मास्क तपासा. मास्क बदलून, पट्टे नीट करून डोळ्यांची तक्रार थांबते.

सक्शन करताना, म्हणजे नळीनं कफ ओढून काढताना, ती नळी (कॅथेटर) बाहेर काढून तोंडावरून ओलांडून नेला की कफाचे थेंब डोळ्यांवर पडतात. आयसीयूतले जंतू डोळ्यात पोचण्याची ही नेहमीची वाट. कॅथेटर बाजूनं काढा, सक्शनपूर्वी डोळे झाकलेले आहेत ना ते बघा, आणि क्लोज्ड सक्शन असेल तर उत्तम.

काही पेशंटच्या डोळ्यांचा पांढरा भाग सुजून पापण्यांमधून पाण्याच्या फुग्यासारखा बाहेर येतो. नातेवाईक घाबरतात, पण हे डोळ्याचं दुखणं नसतं. शरीरात पाणी साचलेलं असतं, व्हेंटिलेटरच्या दाबामुळे डोक्यातून रक्त परत यायला अडतं, किंवा ट्यूब बांधलेली दोरी मानेभोवती करकचून आवळलेली असते. दोरी सैल करा, मनाई नसेल तर डोकं ३० अंश वर ठेवा, पाणी आणि दाब यांचं मुख्य डॉक्टर बघतील. सुजलेला भाग जबरदस्तीनं आत ढकलून टेप मारू नका. भरपूर मलम आणि पारदर्शक आवरण. सूज एकाच बाजूला, पेशंटला शुगर, डोळा पुढे आलेला किंवा नाकातून काळपट स्राव असेल तर मात्र ती साधी सूज समजू नका. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीनं काय केलं ते आपण बघितलं आहे.

पेशंटला पालथं झोपवायचं असेल तर आधी मलम, टेप, आणि डोळ्याच्या खोबणीवर उशीचा, ट्यूबचा किंवा डोक्याखालच्या रिंगचा दाब नाही याची खात्री. हा दाब राहिला तर नुसता कॉर्नियाच नाही, आतली नजरेची नसही रक्त न मिळाल्यानं जाऊ शकते आणि ती परत येत नाही. डोक्याची बाजू दर दोन-चार तासांनी बदला, पलंग डोक्याकडून थोडा उंच ठेवा.

फवारणीचं औषध आणि साप

पुस्तकं बहुतेक बाहेरची असल्यानं या दोन गोष्टी त्यांत फारशा सापडत नाहीत, आपल्या आयसीयूत मात्र रोजच्या आहेत.

कीटकनाशक पोटात गेलेला पेशंट येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं, बाहुल्या टाचणीएवढ्या असतात. मग विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपीन चालू होतं आणि चित्र उलटतं. ॲट्रोपीन तोंड सुकवतं तसे अश्रूही सुकवतं, बाहुल्या मोठ्या करतं, पेशंट बरळायला लागतो आणि बांधलेला हात सुटला की डोळे खाजवतो. व्हेंटिलेटर, गुंगी आणि ॲट्रोपीन हे तिन्ही एकत्र आले की डोळा सुकण्यासाठी आणखी काही लागत नाही. अशा पेशंटला पहिल्या दिवसापासून मलम लिहा, प्रतवारी काहीही असो. दाखल करतानाच चेहरा, केस आणि दोन्ही डोळे सलाइननं भरपूर धुवा. उलटीतून, हातांवरून औषध डोळ्यात गेलेलं असतं. एकाच डोळ्यात उडालं असेल तर त्याच डोळ्याची बाहुली बारीक राहते, त्यानं मेंदूची तपासणी चुकू शकते. तणनाशक पॅराक्वाट असेल तर जास्त सावध राहा. त्याची डोळ्यातली इजा पहिल्या दिवशी किरकोळ दिसते आणि पुढच्या काही दिवसांत वाढत जाते.

मण्यार किंवा नाग चावलेल्याच्या पापण्या पडतात. पडलेली पापणी म्हणजे मिटलेली पापणी नव्हे. ती सैल लोंबते, खाली फट राहते, आणि डोळा हलवणारे स्नायूही लुळे पडल्यानं बुबुळ त्या फटीसमोर तसंच उभं राहतं. इथं टेप लावावा, पण पापणी किती उचलते हे उपचाराचं माप असल्यानं दर तपासणीला तो काढावा लागतो. म्हणून या पेशंटला पारदर्शक आवरण सोयीचं. आणखी एक. मण्यारीच्या विषानं पूर्ण लुळा झालेला, बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला न हलणारा पेशंट आतून जागा असू शकतो. त्याला सगळं ऐकू येत असतं, दुखत असतं. डोळ्याला हात लावण्याआधी नाव घेऊन सांगा: "दादा, डोळा पुसते, गार लागेल." ही सवय तशी प्रत्येक बेडला चांगली.

लगेच कॉल कधी

डोळा लाल आणि चिपडं वाढलेलं. कॉर्नियावर पांढरा किंवा करडा ठिपका, तांदळाच्या कणाएवढा का असेना. बुबुळाच्या खालच्या भागात पांढरट थर साचलेला. कॉर्निया धुरकट. पापणी अचानक सुजलेली. शुद्धीवर असलेला पेशंट डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही म्हणतो. यातलं एक जरी दिसलं तरी नेत्रतज्ज्ञाला त्याच दिवशी कॉल, "सोमवारी ओपीडीत दाखवू" नाही. पांढरा ठिपका दिसल्यावर टेप आणि पट्टी बंद. जंतूंना उबदार अंधार मिळतो. डॉक्टर येईपर्यंत स्वतःहून अँटिबायोटिक सुरू करायची घाई नको. आधी खरवडून नमुना लॅबला गेला तर कोणता जंतू आहे ते कळतं. नेत्रतज्ज्ञाला यायला रात्र जाणार असेल तर मोबाइलवर फोटो पाठवा आणि फोनवर विचारून सुरू करा. फोटो काढताना फ्लॅश नको, बाजूनं टॉर्च. एकदा संसर्ग पक्का झाला की थेंब दर तासाला, रात्रंदिवस जातात, आणि ते वेळेवर घालणारी सिस्टर डोळा वाचवते.

मलम-टेपनं भागत नसेल आणि पेशंट बराच काळ तसाच राहणार असेल, जसं जीबीएस (नसांच्या आजारानं हातपाय लुळे पडणं) किंवा तोंडाचा लकवा, तर पापण्या कडेनं तात्पुरत्या शिवता येतात. बेडवर, सुन्न करून होणारं छोटं काम आहे. जीबीएसचा पेशंट पूर्ण शुद्धीत असतो, त्याला आधी नीट समजावून सांगा.

नातेवाइकांशी बोलणं

भेटीच्या वेळी आत आलेली मुलगी अर्धवट उघडे डोळे बघते आणि बाहेर जाऊन सांगते, "आबा माझ्याकडं बघायलेत." दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर टेप दिसतो आणि वेटिंग रूममध्ये रडारड सुरू होते, कारण डोळे कधी बंद करतात हे सगळ्यांना माहीत आहे. टेप लावण्याआधी बाहेर जाऊन दोन वाक्यं बोला: पापणी मिटत नाही म्हणून डोळा सुकू नये यासाठी चिकटपट्टी लावतोय, जाग येईल तशी काढू. एवढं सांगितलं नाही म्हणून रात्री नातेवाइकांनीच टेप काढल्याची उदाहरणं आहेत.

नातेवाइकांनी आपल्या हातानं डोळ्यात काही घालू नये: गुलाबपाणी नाही, मध नाही, अंगारा नाही, कुणाच्या बाळंतिणीचं दूध नाही. तुम्ही करायचं ते एवढंच. चष्मा, थेंब, लेन्स, जुनं ऑपरेशन याची माहिती द्या. भेटीच्या वेळी फटीतून बुबुळ दिसलं किंवा डोळा लाल वाटला तर सिस्टरांना विचारा, "ताई, डोळे पूर्ण मिटत नाहीत वाटतं, काही लावायचंय का?" आवाज चढवायची गरज पडत नाही, बहुतेक सिस्टर लगेच बघतात.

पेशंट वाचणार नसेल आणि घरच्यांनी नेत्रदानाचा विचार बोलून दाखवला, तर शेवटच्या तासांतही हीच काळजी चालू ठेवावी, कारण सुकून सोलवटलेला कॉर्निया दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. मृत्यूनंतर पापण्या मिटवून वर ओला गॉझ, पंखा बंद, डोकं थोडं उंच, आणि नेत्रपेढीला लगेच फोन. सहा तासांच्या आत डोळे काढले जावेत.

हलवताना आणि घरी पाठवताना

किनवट-माहूरकडून नांदेडला, परळी-धारूरकडून अंबाजोगाईला, जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात असे व्हेंटिलेटरवरचे पेशंट रोज निघतात. १०८ ॲम्ब्युलन्समध्ये चढवण्याआधी मलम आणि टेप लावा. खिडकी उघडी असते, रस्त्याची धूळ येते, आणि वाटेत डोळ्याकडे बघायला कुणाला सवड नसते. रेफर चिठ्ठीवर "दोन्ही डोळे मिटत नाहीत, मलम अमुक वाजता" एवढी ओळ लिहा. पोचल्यावर तिकडच्या सिस्टरनं पहिल्या तासातच टेप काढून बघावं.

गुंगी कमी होत जाते तसे टेप आणि मलम कमी करत आणा, पण पेशंट स्वतः डोळे घट्ट मिटून दाखवेपर्यंत बंद करू नका. तो बोलायला लागला की एकेक डोळा झाकून विचारा: समोरच्याची बोटं किती, घड्याळात किती वाजले. मलमामुळे धूसर दिसतं, म्हणून आधी पुसून घ्या. पुसूनही एका डोळ्यानं कमी दिसत असेल, खुपत असेल, पाणी येत असेल तर घरी सोडण्याआधी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. डिस्चार्ज कार्डावर बीपी-शुगरच्या गोळ्यांखाली डोळ्यांचं वंगण किती दिवस, काचबिंदूचे थेंब पुन्हा चालू, आणि आठवड्यानं डोळे तपासायची तारीख, हे तीन मुद्दे लिहा. लिहिलं नाही तर गावाकडे गेल्यावर पेशंट छातीसाठी परत येतो, डोळ्यासाठी येत नाही.